खाच राहिली, करार राहिला का?

संगणकाचे झाकण उघडून आतले भाग दाखवण्याचा तास मुलांना फार आवडतो. मदरबोर्डावरच्या लांबट खाचांकडे बोट दाखवून कोणीतरी विचारतेच, “सर, या कशासाठी?” पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे. या विस्तार-खाचा, म्हणजे स्लॉट. यांत कार्ड बसवले की संगणकाची क्षमता वाढते. मग नावे येतात : आयएसए, पीसीआय, पीसीआय एक्सप्रेस. परीक्षेत नावे विचारली जातात, मुले ती लिहितात आणि प्रकरण संपते.

हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ‘खाचेत बसले म्हणजे चालेल’ अशी समजूत त्यातून तयार होते. ही समजूत खरी मानून घेतलेली कार्डे पुढे कपाटात पडून राहतात. जुन्या संगणकाबरोबर प्रयोगशाळेतले चांगले उपकरण निकामी होते आणि कधी कधी त्याच्यासोबत मराठीत टंकलेला मजकूरही अडकून पडतो. म्हणून या लेखात दोन गोष्टींचे परीक्षण करायचे आहे. प्रोसेसर नवा किंवा वेगळ्या घराण्यातला, पण स्लॉट मात्र जुनाच, अशा संगणकांची रचना ही पहिली. ती आपण वर्गात कशी समजावून देतो, ही दुसरी.

मिरजेच्या फलाटावर

सुरुवात सांगली जिल्ह्यातल्या मिरज जंक्शनपासून करू. पुणे–सातारा–मिरज–कोल्हापूर हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. १९७१ साली तो ब्रॉडगेज झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरजेत तीन मापांचे रूळ एकत्र येत : पुणे-कोल्हापूरकडचे १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज, बेळगाव-बंगळूरकडचे १००० मिलिमीटरचे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नसे. उतारू सामान घेऊन गाडी बदलत. मालाची पोती एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावी लागत.

आता अशी कल्पना करा, की कोणी एकाने मीटरगेजचा फलाट जसाच्या तसा ठेवला आणि पलीकडे ब्रॉडगेजचे रूळ टाकले. फलाट पाहून उतारूला वाटेल, आपली गाडी इथेच येणार. प्रत्यक्षात फलाटाच्या मागे हमालांची एक टोळी लागेल, बदलाचे वेळापत्रक लागेल आणि पोत्यांवर लिहिलेली भाषा दोन्ही बाजूंना वाचता यावी लागेल. नव्या प्रोसेसरच्या संगणकावरचा जुना स्लॉट हा असा फलाट असतो. मागच्या हमालांना संगणकशास्त्रात ‘पूल’ म्हणतात, म्हणजे ब्रिज चिप. पूल चांगला असेल तर उतारूला काही कळत नाही. तो नसेल किंवा अर्धवट असेल, तर फलाट शाबूत असूनही गाडी येत नाही.

स्लॉट म्हणजे पाच कलमांचा करार

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा इंटेल ८०८८ प्रोसेसर आणि पाच स्लॉट होते. प्रत्येक स्लॉटमध्ये ६२ संपर्कबिंदू असत. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये स्लॉटला आणखी ३६ बिंदूंचा तुकडा जोडला गेला. एकूण बिंदू ९८ झाले, विदावाहक तारा ८ च्या १६ झाल्या, पत्त्याच्या तारा २० च्या २४ झाल्या. याच स्लॉटला पुढे आयएसए हे नाव मिळाले. हा स्लॉट म्हणजे नुसती खाच नव्हे. तो कार्ड आणि संगणक यांच्यातला करार आहे. त्याची कलमे वेगवेगळी करून पाहू.

पहिले कलम आकाराचे आणि विजेचे. कोणत्या बिंदूवर काय येणार? ५ आणि १२ व्होल्ट, धन आणि ऋण दोन्ही, शिवाय भूमी. हे कलम डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तेवढेच शिकवतो.

दुसरे कलम वेगाचे. आयएसएचा ताल सुमारे ८ मेगाहर्ट्झचा. त्याहून घाईने विचारले तर कार्डाला उत्तर देता येत नाही. कऱ्हाड-वाळवा भागातल्या गुऱ्हाळात चरक पूर्वी बैलांनी फिरे, मग तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेच्या मोटरवर. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे करते. तिच्या दांड्यावर ६ इंची पुली आणि चरकाकडे ४८ इंची पुली असेल, तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला १४४० × ६ ÷ ४८, म्हणजे १८० फेरे मिळतात. शक्तीचे साधन बदलले तरी चरक मोडला नाही, कारण मध्ये पुली होती. वेगाचे कलम असे सांभाळता येते. पूल-चिप प्रोसेसरला थांबवून धरते आणि कार्डाला त्याच्या तालाने काम करू देते.

तिसरे कलम पत्त्यांचे. इंटेलच्या या घराण्यात, म्हणजे एक्स८६ मध्ये, स्मृतीचे पत्ते वेगळे आणि ‘पोर्ट’चे पत्ते वेगळे असतात. पोर्टशी बोलायला ‘इन’ आणि ‘आउट’ या खास आज्ञा आहेत. पुष्कळशी आयएसए कार्डे पोर्टच्या पत्त्यातले फक्त १० बिट वाचत. म्हणजे सगळ्या कार्डांनी मिळून २ चा १० वा घात, अर्थात १०२४ घरांत राहायचे. पहिल्या सिरियल पोर्टचे घर सोळाअंकी पद्धतीत ३एफ८, म्हणजे आपले १०१६.

चौथे कलम हाक मारण्याचे आणि थेट माल टाकण्याचे. कार्डाचे काम झाले की ते प्रोसेसरला इंटरप्टची हाक मारते. काही कार्डे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट स्मृतीत विदा टाकतात. पण आयएसएला पत्त्याच्या तारा २४, म्हणून ही टाकाटाक पहिल्या २ चा २४ वा घात, म्हणजे १६ मेगाबाइटच्या आतच होऊ शकते. स्मृती त्याहून मोठी असेल तर माल आधी आत उतरवून पुढे हलवावा लागतो. मिरजेची पोती इथेही आहेतच.

पाचवे कलम सर्वांत लपलेले : भाषेचे. कित्येक कार्डांवर एक छोटी रॉम असते. तिच्या सुरुवातीला ५५ आणि एए या दोन बाइटांची खूण असते आणि पुढे कार्ड जागे करण्याचा कार्यक्रम असतो. हा कार्यक्रम कोणत्या भाषेत? एक्स८६ च्या यंत्रभाषेत! म्हणजे कार्ड तयार करणाऱ्याने प्रोसेसर कोणता असेल हे गृहीतच धरलेले असते.

प्रोसेसर बदलल्यावर काय उरते?

१९९२ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्फा २१०६४ हा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. त्या काळात तो अतिशय वेगवान होता. पुढच्या काही वर्षांत निघालेल्या अल्फाच्या टेबलावरच्या संगणकांत पीसीसारखे स्लॉट दिले गेले. हेतू उघड आणि योग्य होता. पीसीसाठी निघालेली स्वस्त कार्डे ग्राहकाला वापरता यावीत. आता पाच कलमांचे काय झाले ते पाहा.

आकार आणि वीज जशीच्या तशी ठेवली. वेग पूल-चिपने सांभाळला. पत्त्याच्या कलमाशी मात्र खरी गाठ पडली. अल्फाकडे ‘इन’ आणि ‘आउट’ या आज्ञाच नाहीत. शिवाय सुरुवातीच्या अल्फाला स्मृतीतून एकच बाइट उचलता किंवा ठेवता येत नसे. तो ३२ किंवा ६४ बिटांचाच घास घेई. आयएसए कार्डाला तर एकेक बाइट हवा. यावर रचनाकारांनी एक युक्ती केली. स्मृतीच्या पत्त्यांचा एक प्रचंड प्रदेश पोर्टसाठी राखून ठेवला आणि पोर्टचा पत्ता पाच बिट डावीकडे सरकवला, म्हणजे ३२ ने गुणला. १०१६ क्रमांकाचे पोर्ट हवे असेल तर १०१६ × ३२, म्हणजे त्या प्रदेशाच्या आरंभापासून ३२,५१२ व्या घराशी बोलायचे. उजवीकडे मोकळ्या झालेल्या बिटांत ‘किती बाइट हवेत’ ही सूचना ठेवायची. पूल-चिप ते वाचून कार्डाशी आयएसएच्या रीतीने बोले. पुढे २११६४ए या प्रोसेसरात बाइट उचलण्याच्या आज्ञा घालण्यात आल्या. मूळ निर्णयात काहीतरी राहून गेले होते, याची ही कबुलीच म्हणायची.

भाषेच्या कलमासाठी आणखी गमतीदार उपाय करावा लागला. ग्राफिक्स कार्डाच्या रॉममधला एक्स८६ कार्यक्रम अल्फाला कळत नाही. म्हणून अल्फाच्या आरंभिक सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा एक्स८६ अनुकारक घातला गेला. संगणक चालू होताना हा वेगवान प्रोसेसर काही क्षण जुन्या प्रोसेसरचे सोंग घेई, कार्डाचा कार्यक्रम चालवी आणि मग स्वतःच्या कामाला लागे.

या रचनेचे मूल्यमापन कसे करावे? कौशल्य म्हणून ती वाखाणण्याजोगी आहे, त्यात शंका नाही. पण तिच्यावर आक्षेप तीन. पहिला, दिसणारे कलम पूर्ण पाळले आणि न दिसणारी कलमे उसनवारीवर चालवली. त्यामुळे स्लॉटचा आकारच ग्राहकाला फसवू लागला. दुसरा, कार्ड चालेल की नाही हे शेवटी स्लॉटवर नव्हे, तर त्या कार्डाचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी कोणी लिहिला आहे की नाही यावर ठरे. आणि ही गोष्ट खोक्यावर क्वचितच लिहिलेली असे. तिसरा, कार्डाची अंतर्गत माहिती निर्मात्याने गुप्त ठेवली असेल, तर ड्रायव्हर दुसऱ्या कोणाला लिहिताही येत नसे.

तिसऱ्या आक्षेपाचा पुरावा उलट्या बाजूने मिळतो. १९९५ च्या मार्चमधली लिनक्सची १.२ आवृत्ती अल्फावर चालत होती. लिनक्सच्या ड्रायव्हरांत पोर्टशी बोलणे ‘इनबी’ आणि ‘आउटबी’ अशा ठरलेल्या नावांनी लिहिलेले असते. या नावांचा अर्थ प्रत्येक प्रोसेसरसाठी एकदाच, वेगळ्या जागी लिहिला जातो. एक्स८६ वर ती खरी आज्ञा होते, अल्फावर ती ३२ ने गुणलेला पत्ता होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याची फिकीर नाही. म्हणून ज्या कार्डांची माहिती उघड होती, ती परक्या प्रोसेसरवरही चालवता येण्याची शक्यता राहिली. करार कागदावर होता. तो तांब्यात अडकला नव्हता.

आकार मोडला, करार टिकला

याच्या नेमके उलट उदाहरणही आहे आणि वर्गात ही दोन्ही शेजारीशेजारी ठेवावीत. १९९२ साली इंटेलने पीसीआय स्लॉट मांडला : ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट. २००३ च्या सुमारास त्याची जागा पीसीआय एक्सप्रेस घेऊ लागला. या दोघांचा आकार इतका वेगळा, की एकाचे कार्ड दुसऱ्यात शिरतच नाही. विजेच्या खुणा वेगळ्या आणि पाठवण्याची पद्धतही वेगळी. पीसीआयमध्ये बऱ्याच तारांवरून एकाच वेळी बिट जातात, तर पीसीआय एक्सप्रेसमध्ये तारांच्या जोड्यांवरून एकामागून एक. तरीही कार्डाने स्वतःची ओळख कशी सांगायची, किती पत्ते मागायचे, ते कोठे नोंदवायचे, ही पद्धत पीसीआयचीच ठेवली. त्यामुळे पीसीआय जाणणारी जुनी कार्यप्रणाली नव्या संगणकावर कार्ड ओळखू शकली.

एका ठिकाणी खाच राखली आणि करार तुटला. दुसऱ्या ठिकाणी खाच बदलली आणि करार राखला. दुसऱ्या मार्गाने संगणकाचे जग जास्त सुखाने पुढे गेले, हे नमूद केले पाहिजे.

भाषेच्या कलमावरही चांगला उपाय सुचवला गेला होता. १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकात, म्हणजे ‘ओपन फर्मवेअर’मध्ये, कार्डावरचा कार्यक्रम कोणत्याच प्रोसेसरच्या भाषेत न लिहिता एका मध्यस्थ संकेतात लिहावा असे ठरले. सनच्या संगणकांनी आणि पीसीआय स्लॉटच्या पॉवरपीसी मॅकिंटॉशांनी ते स्वीकारले. पीसीच्या बाजाराने स्वीकारले नाही. म्हणून एकाच आकाराचे ग्राफिक्स कार्ड पीसीसाठी एका रॉमचे आणि मॅकसाठी दुसऱ्या रॉमचे, असे विकले जाऊ लागले. स्लॉट एक, गावे दोन, बोली दोन.

आपल्या शाळांत आलेली एक चांगली रचना

भारतात १९८४–८५ साली शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला. त्यात एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. त्यांचा प्रोसेसर ८ बिटांचा ६५०२. या संगणकाच्या खालच्या बाजूला ‘ट्यूब’ नावाची एक जोडणी होती. तिच्यावर दुसरा, वेगळ्याच घराण्याचा प्रोसेसर जोडता येई. मूळ संगणक कळफलक, पडदा आणि डिस्क सांभाळी. पाहुणा प्रोसेसर गणित करी.

ट्यूबचे वैशिष्ट्य असे, की पाहुण्या प्रोसेसरला मूळ प्रोसेसरच्या तारांशी थेट बोलावे लागत नसे. दोघांमध्ये निरोपांची एक छोटी पेटी ठेवली होती : एका बाजूने बाइट टाकायचा, दुसऱ्या बाजूने उचलायचा. कोणता निरोप कोणत्या कप्प्यात, एवढाच करार. म्हणून या एकाच जोडणीवर ६५०२, झेड८० आणि ३२०१६ हे प्रोसेसर चालले; आणि १९८६ साली एकॉर्नने स्वतः तयार केलेला एआरएम प्रोसेसरही याच जोडणीवर बसवून विकासकांना दिला गेला. आज बहुतेक मोबाइल फोनांत याच एआरएम घराण्याचे वंशज आहेत. ज्या कराराने प्रोसेसरबद्दल काहीच गृहीत धरले नाही, त्याच्यावर पुढच्या पिढीचा प्रोसेसरही बसला. ट्यूब मंद होती, हा तिच्यावरचा आक्षेप खराच. पण गृहीते जितकी कमी तितके आयुष्य मोठे, हा नियम तिने दाखवून दिला.

मराठी अक्षरे स्लॉटमध्ये

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. डॉस कार्यप्रणालीच्या काळात पीसीच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटवणे सोपे नव्हते. भारतीय लिप्यांचे जे संशोधन आयआयटी कानपूर येथे सुरू झाले, ते पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढले. त्यातून जिस्ट कार्ड आले. ते पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले, की अक्षरी पडद्यावर चालणारे डॉसचे कार्यक्रम भारतीय लिप्यांत वापरता येत. जोडाक्षरे जुळवणे, वेलांटी योग्य जागी लावणे ही कामे कार्ड करी. मूळ कार्यक्रमाला त्याचा पत्ताही नसे.

या कार्डावर टीका करणे आज सोपे आहे. मराठी लिहिण्याची सोय एका खाचेला बांधली गेली. विंडोज आली, पडदा चित्रमय झाला आणि अक्षरी पडद्यावर बेतलेल्या कार्डाचे प्रयोजन ओसरले. पुढे १९९९ ते २००१ च्या सुमारास पीसीच्या रचनेसंबंधीच्या मार्गदर्शिकांनी आयएसए स्लॉट वगळण्याचा आग्रह धरला आणि खाचच गेली. मग त्या कार्डावर लिहिलेला मजकूर बुडाला का?

तो बुडणे अपरिहार्य नव्हते. याचे श्रेय कार्डाला नाही, तर त्याच्या मागच्या संकेताला आहे. कार्ड अक्षरे दाखवी आपल्या पद्धतीने, पण फाइलमध्ये साठवले जाई ते ‘इस्की’ या संकेतात, आणि हा संकेत भारतीय मानक १३१९४ : १९९१ म्हणून छापून प्रसिद्ध झाला होता. त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या जागा भारतीय वर्णांना. शिवाय १९८८ च्या इस्कीच्या क्रमावरूनच युनिकोडमधला देवनागरीचा विभाग बेतला गेला. विद्यार्थ्यांना हे आकडे देऊन पाहा. इस्कीत क, ख, ग यांचे क्रमांक १७९, १८०, १८१; युनिकोडमध्ये २३२५, २३२६, २३२७. फरक प्रत्येक वेळी २१४६. ‘अ’ मात्र १६४ वरून २३०९, म्हणजे फरक २१४५. फरक एकाने का बदलला, हे दोन्ही तक्ते समोर ठेवून मुलांनाच शोधू द्यावे. मुद्दा हा, की कार्ड नसले, स्लॉट नसला, प्रोसेसर वेगळा असला, तरी एवढ्या तक्त्यावर जुनी फाइल आज वाचता येते.

याच्याशी तुलना करा ती फाँटच्या जागांवर साठवलेल्या मजकुराशी. त्यात ‘क’ साठवलेला नसतो. ‘या फाँटमधले अमुक चित्र’ एवढेच साठवलेले असते. त्या चित्रांचा तक्ता निर्मात्याकडेच राहिला असेल, तर कोणताही स्लॉट नसताना आणि तोच प्रोसेसर असतानाही मजकूर वाचणे कठीण होते. म्हणजे दोष यंत्राच्या जुनेपणाचा नाही. लेखी, उघड करार होता की नव्हता, एवढाच खरा प्रश्न आहे.

वारणेकाठचा पुरावा

कराराची आणखी एक परीक्षा आपल्याच भागात झाली. १९९८ साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात होती. गावोगावच्या केंद्रांत पीसी बसवले गेले. पुढे संशोधकांनी पाहिले, की या पीसींचा मुख्य उपयोग ऊस आणि साखर कारखान्याच्या नोंदींसाठीच होत आहे. तेव्हा सात गावांत पीसीऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहण्यात आले. त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काम चालले.

मोबाइलच्या आतला प्रोसेसर पीसीच्या घराण्यातला नव्हे, आणि मोबाइलला पीसीसारखा स्लॉटही नाही. तरी काम चालले, कारण शेतकरी आणि कारखाना यांच्यातली देवाणघेवाण थोडक्या अक्षर-आकड्यांत मावणारी होती. ती कोणत्याही यंत्रावरून पाठवता येते. मात्र या उदाहरणाचा अर्थ फार ताणू नये. एसएमएसमध्ये न मावणारे शिक्षण, चित्र किंवा हिशेबाचे मोठे काम यासाठी पीसी लागतोच. छोटा करार सहज स्थलांतर करतो. मोठ्याला श्रम पडतात.

आज हा प्रश्न संपला आहे का?

नाही, त्याने फक्त वेश बदलला आहे. २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ या एआरएम संगणकावर पीसीआय एक्सप्रेसची एक छोटी जोडणी आहे. तिच्यावर पीसीचे ग्राफिक्स कार्ड लावण्याचे प्रयोग हौशी मंडळींनी केले. जोडणी जमते, कार्ड ओळखलेही जाते. पण स्मृतीतला बदल दुसऱ्या बाजूला केव्हा दिसतो याबद्दल ड्रायव्हरने एक्स८६ ची शिस्त गृहीत धरलेली असते आणि तिथे गाडी अडते. पुन्हा तेच न दिसणारे कलम.

आपल्या देशातही नव्या घराण्याचे प्रोसेसर तयार होत आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. आज्ञासंच खुला आहे ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्यावर बसणाऱ्या प्रत्येक कार्डाचा, संवेदकाचा आणि रॉममधल्या कार्यक्रमाचा करार तितकाच खुला नसेल, तर अल्फाची कथा पुन्हा घडेल. देशी प्रोसेसरचा अभिमान बाळगतानाच हा प्रश्न विचारणे विज्ञान शिकवणाऱ्यांचे काम आहे.

शिक्षकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, ‘स्लॉट म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बदलावे. “स्लॉट म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला करार, खाच हे त्याचे फक्त पहिले कलम” असे सांगावे. मिरजेचे तीन रूळ आणि गुऱ्हाळाची पुली ही दोन उदाहरणे त्याला पुरतात.

दुसरी गोष्ट, शाळेतला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी अर्धा दिवस काढावा. त्यात कोणती कार्डे आहेत, त्यांचे पोर्ट आणि इंटरप्टचे क्रमांक काय आहेत, त्यावरच्या जंपरांची जुळणी कशी आहे, हे वहीत लिहून घ्यावे. मराठी फाइली कोणत्या संकेतात आहेत ते पाहून त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मूळ प्रतही ठेवावी. प्रयोगांची निरीक्षणे एखाद्या कार्यक्रमाच्या खास फाइलीत असतील तर साध्या मजकुराच्या रूपात उतरवून ठेवावीत. हे काम आठवी-नववीच्या मुलांना आवडीने करता येईल आणि त्यातून ते स्लॉटबद्दल जे शिकतील ते नावांच्या यादीतून शिकणार नाहीत.

तिसरी गोष्ट, नवे उपकरण घेताना विक्रेत्याला “आमच्या संगणकाला हे बसेल का?” एवढेच विचारून थांबू नये. “आमच्या प्रोसेसरसाठी आणि कार्यप्रणालीसाठी याचा ड्रायव्हर आहे का? याची माहिती छापील मिळेल का? यातली विदा दुसरीकडे नेता येईल का?” हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच असते.

मिरजेतले जुने रूळ आता बदलले. मीटरगेज गेले, नॅरोगेजही गेले आणि पंढरपूरची गाडी आता रुंद रुळावरून जाते. गाड्या, डबे, फलाट सगळे बदलले. पण पंढरपूरला जाणारा वारकरी अडला नाही, कारण त्याला रुळाच्या मापाशी कर्तव्य नव्हते, पंढरपूरशी होते. आपल्या प्रयोगांची आणि मराठी मजकुराची सोयही तशीच लावली पाहिजे. पुढच्या वेळी वर्गात कोणी खाचेकडे बोट दाखवून विचारले, “सर, ही कशासाठी?”, तर नाव सांगण्याआधी त्यालाच विचारा, “हिच्यात बसणाऱ्याने काय काय गृहीत धरले आहे, सांग पाहू!”